शार्कटोपस आणि मंडळी : स्वस्तातल्या संकरित राक्षसपटांत एवढी गंमत का वाटते?

निशाचर (धागालेखक)

स्वस्तातल्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेले अमेरिकी निर्माते-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन ९ मे २०२४ रोजी, वयाच्या ९८व्या वर्षी गेले. मी वाचलेल्या मृत्युलेखांत त्यांनी कोपोला, स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी, जेम्स कॅमेरॉन अशा पुढे गाजलेल्या दिग्दर्शकांना उमेदवारीच्या काळात काम दिल्याचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. परंतु वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मानद ऑस्कर स्वीकारल्याला वर्षही झाले नसताना, याच गृहस्थांनी अर्धा शार्क आणि अर्धा ऑक्टोपस अशा प्राण्यावर चित्रपट काढला, हा उल्लेख मात्र ओशाळल्यासारखा उरकलेला दिसला. हा धागा त्या ओशाळलेपणाच्या विरोधात काढलेला आहे.

‘शार्कटोपस’ २५ सप्टेंबर २०१० रोजी अमेरिकेतील सायफाय वाहिनीवर प्रथम दाखवला गेला. नाव वाहिनीनेच सुचवले होते आणि कॉर्मन यांनी आधी नकार दिला होता. प्रेक्षक एका मर्यादेपर्यंतचा वेडेपणा आपल्या बरोबरीने स्वीकारतो, ती मर्यादा ओलांडली की तो पाठ फिरवतो, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी ते तयार झाले आणि चित्रपट मेक्सिकोतल्या प्वेर्तो वायार्ता येथे चित्रित झाला. अमेरिकी नौदलासाठी एका खाजगी कंपनीने ‘एस-११’ नावाचे जिवंत शस्त्र बनवले आहे, त्याला काबूत ठेवणारे यंत्र अपघातात तुटते आणि ते मोकाट सुटून किनाऱ्यावर सुट्टीला आलेल्या लोकांना खाऊ लागते, एवढीच कथा. कंपनीच्या मालकाच्या भूमिकेत अभिनेता एरिक रॉबर्ट्स.

अशा चित्रपटांवर लिहिणारे बहुतेक जण नावापासून सुरुवात करतात आणि नावापाशीच थांबतात. माझ्या मते नावातली गंमत पोस्टरपुरती असते. पुढचा दीड तास टिकते ती दोन प्राण्यांच्या जोडातली गंमत. साध्या शार्कपटाला एक जन्मजात अडचण असते. माणसे पाण्यात गेलीच नाहीत, तर शार्क बिचारा काहीही करू शकत नाही. त्यामुळे पटकथाकाराचा निम्मा जीव लोकांना पुन्हा पुन्हा पाण्यात उतरवण्याची निमित्ते शोधण्यात जातो. कधी पोहण्याची स्पर्धा असते, कधी महापौर किनारा बंद करायला तयार नसतो, कधी होडी बुडत असते. त्याच शार्कला मागच्या बाजूने आठ भुजा जोडल्या, की तो वाळूवर चालत येतो, धक्क्यावर चढतो, होडीच्या कठड्यावरून आत हात घालतो, आणि ‘पाण्यापासून लांब राहा’ हा शहाणपणाचा सल्ला एका फटक्यात निकामी होतो. संकर हा इथे पटकथेतल्या एका भोकावरचा तोडगा असतो. राक्षसाचे दुसरे अंग पहिल्या अंगापासून सुटण्याची वाट बंद करते.

हा निकष लावून पाहिला, की याच कारखान्यातले बरे आणि वाईट नमुने वेगळे करता येतात. ‘डायनोक्रॉक’ (२००४) मध्ये मगरीला मागच्या पायांवर धावता येते. म्हणजे जोडाला काम आहे. ‘शार्कटोपस व्हर्सेस टेराक्यूडा’ (२०१४) मधला बॅराकुडा मासा उडणाऱ्या प्राचीन सरड्याच्या पंखांवर येतो. आता आकाशही सुरक्षित राहिले नाही. उलट ‘पिरान्हाकोंडा’ (२०१२) पाहा. ॲनाकोंडा पाण्यात पोहतो, झाडावर चढतो, माणूस अख्खा गिळतो. त्याला पिरान्हा या मांसाहारी माशाचे दात देऊन नेमके काय साधले? दिग्दर्शकालाही ते जाणवले असावे, कारण कथा प्राण्याच्या जोडावर न चालता अभिनेता मायकेल मॅडसनच्या पात्राने पळवलेल्या त्याच्या अंड्यावर चालते.

‘शार्कटोपस’मधले एक दृश्य जरा जवळून पाहण्यासारखे आहे. एक तरुणी उंचावरून, लवचिक दोर बांधून (बंजी उडी), समुद्राच्या दिशेने उडी मारते. पाण्याला स्पर्श होण्याआधी दोर तिला परत वर खेचणार, हे तिला माहीत आहे आणि आपल्यालाही. दोर ताणला जातो, ती खाली येते, आणि त्याच क्षणी पाण्यातून तो महाकाय जबडा वर झेपावतो. संगणकावर बनवलेला शार्क प्लास्टिकच्या खेळण्यासारखा चकाकतो, पाण्याचे थेंब त्याच्या अंगाला चिकटत नाहीत, प्रकाश एका बाजूने येतो आणि सावली पडतच नाही. तरीही दृश्याची रचना अचूक आहे. खेळातली सुरक्षितता जिथे सर्वांत पक्की, तिथेच घाव घातलेला आहे. त्याच चित्रपटात कॉर्मन स्वतः काही क्षण दिसतात: किनाऱ्यावरचा एक म्हातारा, डोळ्यांसमोर एका मुलीला ओढून नेल्याचे पाहतो आणि तिला सापडलेले सोन्याचे नाणे उचलून निवांत चालू लागतो. एखाद्या निर्मात्याने आपल्या धंद्याची एवढी प्रांजळ ओळख क्वचितच करून दिली असेल.

दुसरा मुद्दा गांभीर्याचा. या चित्रपटातली पात्रे हसत नाहीत. एरिक रॉबर्ट्स संरक्षण खात्याच्या कंत्राटाविषयी ज्या पोटतिडिकीने बोलतो, त्यात ‘आपण कशात काम करतो आहोत’ याची पुसटशीही कबुली नसते. माझ्या दृष्टीने सगळा खेळ या न हसण्यावर उभा आहे. पडद्यावरचे लोक हसू लागले, की आपल्याला हसायला काही उरत नाही.

आपणांस काय वाटते, ते वाचायला आवडेल.

तळटीप

निशाचर, धागा आवडला, पण शेवटच्या मुद्द्यावर थोडी हरकत आहे. अमेरिकी लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ मध्ये ‘कॅम्प’ या, म्हणजे भडक आणि अतिरेकी गोष्टींत मजा घेणाऱ्या, अभिरुचीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात भोळा कॅम्प आणि जाणूनबुजून केलेला कॅम्प असा भेद केला आहे, आणि खरा कॅम्प नेहमी भोळा असतो, मनापासून केलेला आणि तरी फसलेला असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. हा भेद मान्य केला, तर ‘शार्कटोपस’ कोणत्या बाजूला बसतो? अभिनेते हसत नाहीत हे खरे, पण नाव ठरवणारी वाहिनी हसत होती, निर्माता हसत होता आणि आपण हसणार हे दोघांनाही ठाऊक होते. हे गांभीर्य अभिनयापुरते आहे. ते श्रद्धेतून आलेले नाही.

श्रद्धेतून आलेला संकर पाहायचा असेल, तर १९५३ च्या ‘रोबॉट मॉन्स्टर’कडे जावे लागेल. पृथ्वीवरची मानवजात संपवायला आलेला परग्रहावरचा यंत्रमानव दाखवायचा होता आणि यंत्रमानवाचा पोशाख करायला पैसे नव्हते. दिग्दर्शक फिल टकर यांच्या परिचयाचे जॉर्ज बॅरोज यांच्याकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. त्या पोशाखावर अंतराळवीराचे शिरस्त्राण चढवले, त्यावर अँटेना बसवल्या आणि राक्षस तयार झाला. चित्रपट चार दिवसांत, सुमारे १६ हजार डॉलरमध्ये, लॉस एंजेलिसच्या ब्रॉन्सन कॅन्यनमध्ये चित्रित झाला, आणि तोही थ्रीडीमध्ये. राक्षसाच्या गुहेतल्या यंत्रातून साबणाचे फुगे निघत राहतात आणि श्रेयनामावलीत त्या फुग्यांच्या यंत्राचेही नाव आहे.

हा प्राणी पृथ्वीवरच्या एका मुलीच्या प्रेमात पडतो. तिला मारण्याची आज्ञा आहे आणि मारवत नाही. तेव्हा तो डोंगरातून चालताना स्वतःशी विचारतो, की ‘केलेच पाहिजे’ आणि ‘करता येत नाही’ या दोन रेषा आलेखावर नेमक्या कोठे छेदतात? गोरिलाच्या केसाळ अंगात घामाघूम झालेला माणूस, डोक्यावर मासे ठेवायच्या काचपात्रासारखे शिरस्त्राण, आणि तोंडी हे स्वगत. लिहिणाऱ्याला हे दुःख खरोखर वाटले होते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच तिथे येणारे हसू काहीसे अपराधी असते. ‘शार्कटोपस’ पाहताना तसा अपराध जाणवत नाही.

हिशेबनीस

मी मुंबईत एका व्हीएफएक्स (दृश्य-परिणाम) स्टुडिओत कॉम्पोझिटिंगचे, म्हणजे चित्रित दृश्य आणि संगणकावरची चित्रे एकत्र बसवण्याचे, काम करतो, त्यामुळे निशाचर यांनी सांगितलेले ‘थेंब चिकटत नाहीत, सावली पडत नाही’ हे वाक्य वाचून धंद्याच्या बाजूने काही सांगावेसे वाटते.

प्राणी बनवणे हा त्यातल्या त्यात स्वस्त भाग असतो. महाग असतो तो त्या प्राण्याचा जगाशी होणारा संपर्क. भुजा पाण्यातून वर आली, की तिच्यावरून पाणी ओघळले पाहिजे, पृष्ठभागावर ती जिथे घुसते तिथे फेस आला पाहिजे, वाळूवर टेकली की वाळू दबली पाहिजे, ओली खूण राहिली पाहिजे आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर तिची सावली गेली पाहिजे. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळे सिम्युलेशन (संगणकावर केलेले अनुकरण), वेगळा रेंडर (त्यातून अंतिम चित्र तयार करणे) आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त्या लागतात. बजेट नसेल तर काय करतात? भुजेचे टोक एखाद्या खडकामागे किंवा होडीच्या कठड्यामागे लपवतात. आधीच चित्रित करून ठेवलेला पाण्याचा शिंतोडा वरून चिकटवतात, तोच शिंतोडा उलटा करून पुढच्या शॉटमध्ये वापरतात. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे प्राण्यावरून कट करून किंचाळणाऱ्या चेहऱ्यावर जाणे. किंचाळण्याला रेंडर लागत नाही.

अंधारात दृश्य घेतले तर बरेच दोष झाकले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु किनाऱ्यावर रात्री चित्रण करायचे तर दिवे, जनरेटर आणि जास्तीची माणसे लागतात. शिवाय पोस्टरवर निळे पाणी आणि ऊन हवेच असते. म्हणून हे राक्षस भर दुपारी येतात. भीतीच्या दृष्टीने हा गाढवपणा आहे, पण हास्याच्या दृष्टीने वरदान आहे, कारण भर उन्हात जोड लपत नाही.

कॉर्मन यांचा हिशेब सुरुवातीपासून असाच होता. १९५४ मध्ये त्यांनी निर्माता म्हणून समुद्रतळातल्या राक्षसावरचा पहिला चित्रपट सुमारे १२ हजार डॉलर उभे करून काढला. १९६० मध्ये एका माणूसखाऊ रोपट्यावरचा चित्रपट त्यांनी, दुसऱ्या चित्रपटासाठी उभा केलेला सेट पाडण्यापूर्वी वापरून घ्यावा म्हणून, दोन दिवसांत बहुतांश चित्रित केला. ‘डायनोक्रॉक’नंतर त्यांना दुसरा भाग काढायचा होता, पण दुसरे भाग चालत नाहीत असे वाहिनीने सांगितले. मग त्यांनी जवळपास तोच प्रकार ‘सुपरगेटर’ या नावाने २००७ मध्ये काढला आणि २०१० मध्ये दोघांची झुंज लावून तिसरा चित्रपट विकला. नकाराचेही दोन चित्रपट करणारा माणूस!

दूरचित्रवाणीसाठी लिहिलेल्या पटकथेचा सांगाडाही लक्षात घ्यावा. जाहिरातींसाठी थांबण्यापूर्वी दर वेळी एखादा हल्ला झाला पाहिजे, नाहीतर प्रेक्षक वाहिनी बदलतो. म्हणून कथेशी काहीही संबंध नसलेली जोडपी ठरावीक अंतराने किनाऱ्यावर येतात, चार वाक्ये बोलतात आणि खाल्ली जातात.

कोकणकडा

आपण सर्व जण विद्वत्तेने लिहीत आहात, पण एक साधी गोष्ट कोणी बोलत नाही: हे चित्रपट कमालीचे कंटाळवाणे असतात. तुम्ही ज्यांची वर्णने केलीत ती दृश्ये सगळी मिळून दहा-बारा मिनिटांची. उरलेला वेळ दोन माणसे होडीत बसून माहिती सांगतात, तिसरा माणूस फोनवर तीच माहिती चौथ्याला सांगतो, आणि मधून मधून किनाऱ्यावरच्या तरुणींची कारण नसलेली छायाचित्रणे. बंजी उडीचे दृश्य यूट्यूबवर पाहता येते. मग पूर्ण चित्रपट पाहण्याचा अट्टाहास कशासाठी? ‘वाईट म्हणून चांगले’ हे ज्यांना चांगले म्हणून चांगले जमत नाही, त्यांचे समर्थन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गडवाट

विषय माझा नाही, मी गडकिल्ल्यांच्या धाग्यांवर असतो. पण ‘दुसरे अंग पहिल्या अंगापासून सुटण्याची वाट बंद करते’ हे वाक्य वाचल्यावर राहवले नाही. हिरण्यकशिपूने वर मागताना सर्व वाटा बंद केल्या होत्या: माणसाकडून नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. त्यावरचे उत्तर अर्धा सिंह आणि अर्धा मनुष्य असे रूप घेऊन, तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर आले. म्हणजे सुरक्षिततेच्या यादीतली फट शोधणारा संकर आपल्याकडे कथेचा कणाच आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आणि गंडभेरुंड कोरलेले आहेत. दोन डोक्यांचा पक्षी किंवा सिंहाच्या देहाला पंख, ही कल्पना दगडात पाहताना कोणी हसत नाही. मग तीच कल्पना पडद्यावर आली की हसू का येते?

निशाचर

तळटीप, हिशेबनीस, कोकणकडा, गडवाट, सर्वांचे आभार. एकेक घेतो.

गडवाट, नरसिंहाचा दाखला माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो चपखल आहे. मात्र साम्य कथेच्या तर्कापुरते ठेवू या. एकीकडे श्रद्धा आहे, दुसरीकडे शनिवार रात्रीचे प्रक्षेपण. हसू का येते, याचे उत्तर हिशेबनीस यांच्या प्रतिसादात आहे असे मला वाटते. दरवाजावरचा शरभ एका जागी आहे आणि त्याला वजन आहे. शिल्पकाराने पंख आणि देह एकाच दगडातून काढले आहेत, त्यामुळे जोड दिसतच नाही. पडद्यावरच्या प्राण्याला चालावे लागते, आणि चालताना शार्कचे धड एका लयीत हलते, भुजा दुसऱ्या लयीत. दोन प्राणी एकमेकांना अजून भेटलेलेच नाहीत, असे वाटते. त्या न भेटण्याला आपण हसतो.

दगडातला संकर कशामुळे झाला, हे कोणी विचारत नाही. चित्रपटाला मात्र कारण द्यावे लागते, आणि ही कारणे काळाप्रमाणे बदलत गेलेली पाहणे मोठे रंजक आहे. पन्नासच्या दशकात सगळा दोष अणुस्फोटांच्या किरणोत्साराला होता. कॉर्मन यांचेच १९५७ मधले महाकाय खेकडे त्यातून जन्मले. १९७८ च्या ‘पिरान्हा’मध्ये ते मासे व्हिएतनाम युद्धासाठी सैन्याने थंड पाण्यात टिकतील असे वाढवलेले असतात, युद्ध संपते आणि मासे उरतात. त्याचे लेखक जॉन सेल्स आणि दिग्दर्शक जो डँटे यांनी त्या स्वस्त चित्रपटात सरकारविषयीचा खरा राग भरला आहे. १९८० च्या एका चित्रपटात सामन माशांच्या वाढीसाठी केलेल्या प्रयोगातून मत्स्यमानव निघतात. आणि ‘शार्कटोपस’पर्यंत येताना सैन्यही थेट काही बनवत नाही, ते कंत्राट देते. राक्षसांचे खाजगीकरण झाले, असे म्हणायला हरकत नाही.

कोकणकडा, कंटाळ्याचा मुद्दा मी नाकारणार नाही. परंतु तो कंटाळा एकट्याने पाहण्याचा आहे. मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर १९८८ मध्ये ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ सुरू झाले. त्यात एक माणूस आणि दोन बाहुलीवजा यंत्रमानव यांच्या काळ्या आकृती पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बसून पूर्ण चित्रपटभर शेरेबाजी करतात. तो कार्यक्रम इतकी वर्षे चालला याचे कारण होडीतल्या लांबलचक संवादांच्या जागा शेरे मारायला मोकळ्या होत्या. गतिमान चित्रपटावर बोलायला वेळच मिळत नाही. म्हणून तुकडे यूट्यूबवर पाहिले तर हसू येते, पण घोळक्याने बसून पाहण्यात जी मजा आहे, तिला हा पसरटपणा लागतोच. किनाऱ्यावरच्या तरुणींच्या छायाचित्रणाबाबत मात्र आपण म्हणता ते खरे आहे. तिथे मला समर्थन करायचे नाही.

तळटीप यांच्या सोंटॅगकडे शेवटी येतो, आधी आणखी कोणाला काही म्हणायचे असेल तर वाट पाहतो.

जुनी रीळ

धाग्यावर ‘शार्कनेडो’चे नावही नाही, याचे नवल वाटले. ११ जुलै २०१३ रोजी त्याच सायफाय वाहिनीवर आलेला, अँथनी फेरांटे यांनी दिग्दर्शित केलेला आणि असायलम कंपनीने काढलेला हा चित्रपट निशाचर यांच्या निकषावर तर सर्वांत पुढे हवा. शार्कला हातपाय न देता त्यांनी त्याला चक्रीवादळ जोडले. प्राण्याचा संकर हवामानाशी! समुद्र सोडा, घर, रस्ता, उड्डाणपूल, काहीच सुरक्षित राहत नाही. शेवटी नायक हातात साखळी करवत घेऊन आकाशातून पडणाऱ्या शार्कच्या जबड्यात स्वतःहून झेप घेतो, आतून त्याचे पोट कापत बाहेर येतो आणि आधी गिळलेल्या नायिकेलाही बाहेर काढतो. पहिल्या प्रक्षेपणाला सुमारे १४ लाख प्रेक्षक होते आणि ट्विटरवरच्या गदारोळानंतर त्याच महिन्यातल्या तिसऱ्या प्रक्षेपणाला ते सुमारे २१ लाख झाले. पुनर्प्रक्षेपणाला प्रेक्षक वाढण्याचा हा प्रकार विरळाच. निशाचर ज्या घोळक्याविषयी लिहितात, तो घोळका इथे एका रात्रीत देशभर जमला.

आपल्याकडच्या रामसे बंधूंचाही उल्लेख हवा होता. त्यांचे राक्षस संकरित नव्हते, त्यामुळे ते या धाग्यात पूर्ण बसणार नाहीत. पण १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी सगळे कुटुंब आणि तंत्रज्ञ महाबळेश्वरला नेऊन, तिथेच राहून पूर्ण केला. कमी पैशांतले गांभीर्य काय असते, ते तिथे दिसते. त्या मंडळींच्या भुताला कधी हसू फुटले नाही.

तळटीप

जुनी रीळ, करवतीचे ते दृश्य मलाही आवडते. पण ‘शार्कनेडो’चे पुढे काय झाले तेही पाहावे. २०१८ पर्यंत सहा चित्रपट निघाले. दुसऱ्या भागापासून त्यात प्रसिद्ध माणसे एकेका मिनिटासाठी येऊन मरू लागली आणि सहाव्यात तर मंडळी काळाच्या प्रवासाला निघाली. आपण किती वेडे आहोत हे प्रत्येक चौकटीत सांगितले जाते. ‘शार्कटोपस व्हर्सेस टेराक्यूडा’मध्येही तोच आजार आहे: निवेदक कॉनन ओब्रायन स्वतःच्याच भूमिकेत येतो, त्याचे मुंडके उडते आणि किनाऱ्यावरचे खेळाडू त्याच मुंडक्याने व्हॉलीबॉल खेळतात. पाहताना हसू आले नाही. विनोद कळला, एवढेच.

याउलट बेला लुगोसी यांचे १९५५ च्या ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’मधले दृश्य आठवा. दिग्दर्शक एड वुड यांनी मिळवलेल्या रबरी ऑक्टोपसला हलवणारी मोटारच नव्हती. त्यामुळे ज्याला राक्षसाने पकडायचे, त्यानेच राक्षसाच्या भुजा स्वतःभोवती गुंडाळून, त्या हलवून, वर ओरडायचे. वयस्क, आजारी, एकेकाळी ड्रॅक्युला म्हणून गाजलेल्या नटाच्या नावावर ते दृश्य जमा आहे. मेलेल्या रबराला जिवंत करण्याची सगळी जबाबदारी नटावर.

निशाचर

तळटीप, आपण दिलेल्या या शेवटच्या उदाहरणातच सोंटॅग यांच्या भेदावरचे माझे उत्तर आहे. निर्माता हसतो की नाही, वाहिनी हसते की नाही, यावर फार काही ठरत नाही. ठरते ते राक्षसासमोर उभ्या असलेल्या नटावर. १९५६ मध्ये कॉर्मन यांनी शुक्र ग्रहावरून आलेल्या राक्षसाचा चित्रपट काढला. त्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण जास्त असणार, तेव्हा प्राणी बुटका आणि बसका असावा, असा त्यांनी स्वतःच्या दृष्टीने शास्त्रशुद्ध विचार केला (प्रत्यक्षात तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा थोडे कमीच आहे). पॉल ब्लेसडेल यांनी तसा बनवला. मग बेव्हर्ली गार्लंड या अभिनेत्रीने सेटवर त्याच्याकडे वरून खाली पाहिले, ‘तू जग जिंकायला आलास काय?’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणून त्याला लाथ घातली, आणि कॉर्मन यांनी त्याची उंची वाढवून घेतली, असा किस्सा सांगितला जातो. उंची वाढूनही तो शंकूच्या आकाराचे, दात विचकणारे गाजरच दिसतो. परंतु चित्रपटात त्याच गार्लंड बंदूक घेऊन गुहेत शिरतात, तेव्हा त्यांच्या आवाजात संतापाशिवाय काहीही नाही. सेटवर त्या हसल्या होत्या. कॅमेऱ्यासमोर हसल्या नाहीत. हेतू भोळा नसला, तरी काम प्रामाणिक होते. ‘शार्कटोपस’मध्ये एरिक रॉबर्ट्स हेच करतात, आणि ओब्रायन यांच्या मुंडक्याच्या दृश्यात हे कोणीच करत नाही.

‘शार्कनेडो’विषयी जुनी रीळ यांच्याशी मी पहिल्या भागापुरता सहमत आहे. नायक झालेला इयान झीरिंग त्या करवतीसह झेप घेताना शपथेवर साक्ष देणाऱ्या माणसाचा चेहरा करतो. दुसऱ्या भागापासून त्याच्या आजूबाजूचे लोक प्रेक्षकांकडे पाहू लागले.

व्यक्तिगत निरोपांतून काही जणांनी काय पाहावे, असे विचारले आहे. ‘रोबॉट मॉन्स्टर’ आधी पाहावा. तो जेमतेम तासाभराचा आहे आणि घोळक्याची गरज नाही. नंतर ‘पिरान्हा’, जो या यादीत एकमेव खरोखर चांगला चित्रपट आहे. मग चार जण जमवून ‘शार्कटोपस’. ‘पिरान्हाकोंडा’ वगळला तरी चालेल. २०१५ च्या ‘शार्कटोपस व्हर्सेस व्हेलवुल्फ’पर्यंत पोहोचलात, तर जोडाकडे लक्ष ठेवा. एका उतरत्या काळातल्या बेसबॉलपटूला पुन्हा ताकद मिळावी म्हणून टोचलेल्या औषधातून देवमासा आणि लांडगा यांचे मिश्रण तयार होते. लांडगा जमिनीवर धावतो, देवमासा समुद्रात राहतो. कागदावर दोन्ही वाटा बंद झाल्या. पडद्यावर मात्र त्याला पाण्यात लांडग्याचा उपयोग नाही आणि जमिनीवर देवमाशाचा, आणि पटकथेलाही तो कोणत्या बाजूला ठेवावा हे शेवटपर्यंत सुचत नाही. त्यावर कोणाला अधिक लिहायचे असल्यास वेगळा धागा काढावा, मी तिथे नक्की येईन.